उजव्या पायाची शिवण

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (म्हणजे मनातल्या मनात, सध्या वाकलो तर उठवायला माणूस लागतो). तुझी कंबर आणि वहिनींचा दमा आटोक्यात असेल असं धरून चालतो. आम्ही इकडे मजेत आहोत. तू धावतपळत येऊ नकोस.

मागे माझ्या उजव्या मांडीत बायपास करून रक्त वाहायला कृत्रिम नळी बसवली होती, ते तुला आठवत असेल. पाय झकास चालत होता, शिलाई मशीनही. यंदा टाक्यांच्या जागी गाठ आली. मी पडलो शिंपी. मला वाटलं, सर्जनने दोऱ्याची गाठ ओबडधोबड मारली असणार. (दुसऱ्याची शिलाई मला कधी पसंत पडली आहे?) गाठ वाढली, पँट घट्ट झाली, मी शिवण उसवून सैल केली. पुन्हा वाढली, पुन्हा उसवली. डॉक्टरकडे जायचं सोडून मी पँटवरच इलाज करत बसलो! शेवटी दोरीवर वाळत घातलेली पँट हिच्या नजरेत भरली. एक पाय दुसऱ्याच्या दीडपट. त्यावर ती जे बोलली ते लिहिण्याजोगं नाही, पण दवाखान्यात मला ओढत नेलं ते तिनेच.

तुकडा काढून तपासला. कर्करोग निघाला. नळीच्या आसपास असा होणं फार दुर्मिळ, आणि नळीमुळेच झाला हेही छातीठोक सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून शिकाऊ डॉक्टरांची रीघ लागली आहे. इतक्या कौतुकाने माझ्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं, लग्नातसुद्धा नाही.

बाकी अंगात तो पसरलेला दिसत नाही, पण पाय कमरेजवळून काढावा लागणार. मी हो म्हणून टाकलं. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण मला जगायचं आहे आणि दुकानही उघडायचं आहे. गिऱ्हाइकांना तसं सांगून ठेवलंय.

तुझा
धाकटा

ता. क. तुझा जन्म मशीनं दुरुस्त करण्यात गेला, म्हणून विचारतो: माझं पायमशीन नुसत्या डाव्या पायाने चालेल असं करता येईल का? अवजारं घेऊनच ये.

आणखी एक ता. क. मशीनचं नंतर बघू. वर 'येऊ नकोस' लिहिलंय, ते आपलं लिहायचं म्हणून. ऑपरेशनच्या आधी ये. दोघं मिळून एकदा नाक्यापर्यंत चालत जाऊ. लहानपणी तू कायम पुढे निघून जायचास. या वेळी माझ्यासाठी थांब.