नादुरुस्त लिफ्ट, नग एक

तीर्थरूप मामांना,

कंबर धरलेली असल्यामुळे या वेळचा साष्टांग नमस्कार बसल्या जागेवरून, खुर्चीच्या हाताला धरून घालतो आहे, तो गोड मानून घ्यावा. तुमचा डावा कान कसा आहे? मामी म्हणतात, त्यांचं बोलणं सुरू झालं की तो बंद पडतो आणि शेजाऱ्यांच्या पंख्याचा आवाज बदलला की आपोआप सुरू होतो. असं असेल तर कान शाबूत आहे, औषध घालू नका. मामींचे गुडघे, तुमचा खोकला आणि मागच्या महिन्यात तुम्ही उघडून ठेवलेलं भिंतीवरचं घड्याळ, या सगळ्यांच्या प्रकृतीबद्दल सविस्तर कळवावं. आमच्याकडे सगळे खुशाल. म्हणजे बायको खुशाल आहे आणि मी शिकतो आहे.

हसू नका. आमची लिफ्टची कंपनी बंद पडली हे तुम्हाला ठाऊकच आहे. (मालकांनी ही बातमी सांगायला सगळ्यांना पाचव्या मजल्यावर बोलावलं होतं आणि त्या दिवशी नेमकी कंपनीचीच लिफ्ट बंद होती. आम्ही धापा टाकत पोचलो, तोवर मालकांचं भाषण संपलं होतं.) त्याच सुमारास राजधानीत नवा केंद्रीय कायदा मंजूर झाला: रोजगारनिर्मिती व कामगार-कौशल्य कायदा. ज्याला काम नाही त्याला कसब शिकवायचं आणि जे शिकवतील त्यांना केंद्राचं अनुदान. मी नाव नोंदवायला गेलो. खिडकीतल्या माणसाने विचारलं, काय येतं? म्हटलं, लिफ्टदुरुस्ती, सत्तावीस वर्षं. प्रमाणपत्र? म्हटलं, मामांनी शिकवलं. त्याने अर्ज उलटापालटा करून पाहिला, पण मामा असा रकाना त्यात नव्हता. मग त्याने माझ्या नावापुढे ‘अकुशल’ असा शिक्का मारला आणि पुढे होऊन प्रेमाने विचारलं की, काय शिकायला आवडेल? तीन अभ्यासक्रमांत जागा होत्या: पावभट्टी, शिवणकाम आणि लिफ्टदुरुस्ती. मामा, कुठल्याही माणसाने केलं असतं तेच मी केलं.

प्रशिक्षण केंद्र तिसऱ्या मजल्यावर आहे. सुरुवातीला आम्ही चोवीसजण होतो. पण बाकीचे तेवीस उतावळे निघाले, कुणी गोदामात चिकटला, कुणी सासऱ्याच्या दुकानात, आणि दुसऱ्या महिन्याच्या आत सगळे आपापल्या कामाला लागून केंद्राला तोंडघशी पाडून गेले. उरलो मी एकटा. माझ्या दिमतीला अकराजणांचा नोकरवर्ग आहे. प्राचार्य, उपप्राचार्य, हजेरी मांडणाऱ्या बाई, माझं मन खचू नये म्हणून नेमलेले समुपदेशक, मला नोकरी लावून देणारे अधिकारी, भिंतीवर चित्रं दाखवणारा प्रोजेक्टरवाला, दोन पहारेकरी (एक बाहेरच्यांना आत येऊ देत नाही, दुसरा मला बाहेर जाऊ देत नाही) आणि आणखी तिघे, त्यांचं काम काय ते मी अजून विचारलेलं नाही, कारण विचारलं की ते कावरेबावरे होतात. नाही तो एक शिक्षक. शिक्षकाला याच केंद्राचं प्रमाणपत्र लागतं, ते अजून कुणाला मिळालेलं नाही, आणि शिक्षक नसल्यामुळे मिळतही नाही. त्यामुळे प्राचार्य स्वतः पुस्तक वाचून दाखवतात. चांगले वाचतात. विरामचिन्हांवर थांबतात.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या दिवशी पोचलो तर त्या इमारतीची लिफ्ट बंद. जुनी जाळीच्या दाराची आहे, तुमच्या आवडीची. तुम्ही मला एकोणिसाव्या वर्षी शिकवलं होतं, तसा मी हात मागे बांधून तिच्यापुढे उभा राहिलो आणि नुसतं ऐकलं. मग हात शिवशिवायला लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या दाराचा, दार लागलं की वीज जोडणारा कॉन्टॅक्ट काजळला होता. रुमालाने पुसला, पट्टी जरा वाकवली, बटण दाबलं, लिफ्ट सुरू. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मला वाटलं, शाबासकी मिळेल. प्राचार्य धावत आले ते पांढरेफटक पडलेले. त्यांच्या हातात सामानाची नोंदवही होती आणि तिच्यात पहिल्याच ओळीत, केंद्राच्या शिक्क्यासह, लिहिलेलं होतं: प्रात्यक्षिकासाठी नादुरुस्त लिफ्ट, नग एक. तो नग मी नाहीसा केला होता. सरकारी प्रशिक्षण साहित्याची नासधूस असा त्याचा अर्थ होतो, आणि कायद्यात त्याला वेगळं कलम आहे.

तेव्हापासून रोज सकाळी साडेदहाची घंटा झाली की लिफ्ट नादुरुस्त करणं हे माझ्याकडे लागलं. सोपं आहे, कॉन्टॅक्टमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवायचा. दुरुस्त करायला मात्र मनाई, कारण दुरुस्ती पाचव्या महिन्यात येते. पहिला महिना लिफ्टची ओळख. दुसरा महिना लिफ्टसमोर उभे राहणे, भाग एक व दोन. (भाग एकमध्ये मी नापास झालो. पुस्तकात हात बाजूला सरळ ठेवायचे आहेत आणि माझे तुमच्या सवयीने मागे जातात.)

पण हजेरीबाईंचं काय करायचं? चौपन्न वर्षांच्या आहेत. सगळा जन्म त्यांनी उभ्याने काम केलं, कारखान्यात, धुलाईच्या दुकानात, परक्यांच्या स्वयंपाकघरात, आणि या कायद्याने त्यांना आयुष्यात पहिल्यांदा खुर्ची मिळाली. ती खुर्ची तिसऱ्या मजल्यावर आहे आणि बाईंचे गुडघे तळमजल्यावरच संपतात. रोज सकाळी जिन्यात त्यांचं कण्हणं ऐकू येई आणि मी जिच्या नादुरुस्तीची निगा राखतो ती लिफ्ट बाजूला धडधाकट उभी. मला ते बघवेना. मग मी लवकर जाऊन पुठ्ठा काढायला लागलो. बाई वर यायच्या, आपल्या खुर्चीत बसून पंधरा मिनिटं नुसत्या आनंदात असायच्या, मग माझी हजेरी मांडायच्या, आणि साडेदहाला लिफ्ट पुन्हा शास्त्रशुद्ध बंद.

अशात गेल्या आठवड्यात मला नोकरी लागली. खरीखुरी. आमच्या रस्त्यावरचं चार मजली रुग्णालय आहे, त्यांची लिफ्ट सारखी अडते. त्यांना प्रमाणपत्र नको, चालणारी लिफ्ट हवी. येत्या सोमवारपर्यंत होय की नाही कळवा, असं पत्र खिशात आहे. मी उड्या मारत केंद्रात गेलो आणि नोकरी लावून देणाऱ्या अधिकाऱ्यांना पत्र दाखवलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि मला पाणी दिलं. मग स्वतः प्यायले. म्हणाले, एवढ्या टोकाला जाऊ नका. मग त्यांनी कायदा समजावला. केंद्रात निदान एक प्रशिक्षणार्थी असेल तोवरच अनुदान येतं. मी गेलो की केंद्र बंद, आणि अकराजण घरी. मी पास झालो तरी तेच. राजधानीत जो अहवाल गेला त्यात आमच्या केंद्राचं फार कौतुक आहे: अकरा रोजगार निर्माण केले म्हणून. ते खोटंही नाही. अकराजण रोज डबा घेऊन कामावर येतात, आणि सगळे माझ्या बेकारीवर जगतात. समुपदेशकांना माझी समजूत घालायला पाठवलं, तर तेच रडायला लागले. त्यांना मीच धीर दिला. (त्यांनी त्याची नोंद ‘समुपदेशन झाले’ अशी केली.)

दुसऱ्याच दिवशी राजधानीहून पाहणी करायला साहेब आले. केंद्र चालू ठेवायचं की नाही ते ठरवायला. सांगून आले असते तर काही झालं नसतं, पण ते अचानक आले, दहा एकोणतीसला, आणि लिफ्ट चालू दिसली म्हणून सरळ आत शिरले. वर मला काय पत्ता? साडेदहाची घंटा झाली. पुठ्ठा सापडेना, तेव्हा बाईंच्या टेबलावर एक फाटका तुकडा पडला होता तो उचलला आणि कॉन्टॅक्टमध्ये सारला. लिफ्टने एक आचका दिला आणि आतून आवाज आला, तो माणसाचा होता. साहेब दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकले होते. आमच्या जाळीतून त्यांचं फक्त डोकं दिसत होतं, माझ्या चपलांच्या उंचीवर.

पुठ्ठा सगळ्यांना दिसत होता, मामा. बोटभर बाहेर आलेला होता. मी हात पुढे केला तर प्राचार्यांनी तो वरच्या वर धरला: दुरुस्ती, पाचवा महिना. आम्हाला वाटलं, साहेब तरी ओरडतील की काढा रे. पण साहेब कायद्याचे माणूस. त्यांनी खालूनच सांगितलं की, अप्रमाणित माणसाने यंत्राला हात लावला तर आपल्याला अहवालात तसं लिहावं लागेल. प्रमाणित माणूस बोलवा. आम्ही म्हटलं, प्रमाणित माणूस फक्त याच केंद्रातून तयार होतो आणि अजून एकही झालेला नाही. साहेबांनी थोडा विचार केला, बॅग उघडली आणि माझी परीक्षा तिथल्या तिथे घ्यायचं ठरवलं.

मी जमिनीवर पालथा झोपलो. (कंबर धरली ती तेव्हाच.) जाळीतून प्रश्नपत्रिका वर आली. मागे जिन्यावर अकराजण हात जोडून उभे. पास झालो तर दोन मिनिटांत साहेब बाहेर, प्रमाणपत्र माझ्या हातात, आणि मी सोमवारी रुग्णालयात ताठ मानेने हजर. कितीतरी दिवस मनात होतं की एक कागद मिळावा, ज्यावर लिहिलेलं असेल की याला हे काम येतं. नऊ प्रश्नांची उत्तरं बरोबर लिहिली. दहावा प्रश्न सगळ्यात जास्त गुणांचा होता: लिफ्ट मध्येच अडकल्यास सर्वप्रथम काय करावे? मी मान वळवली. बाई खुर्चीत नव्हत्या, जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या, उभ्याने काम करणाऱ्या माणसासारख्या. मी लिहिलं: जिन्याने जावे.

साहेबांनी नापास केलं. लाल शाईने. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं. जिन्यावर मात्र अकराजणांनी असा निःश्वास सोडला की प्रोजेक्टरवाल्याचे कागद उडाले. आणि मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की साहेब अजून आतच आहेत. आतून त्यांनी विचारलं की, पुढची परीक्षा किती दिवसांनी असते. प्राचार्यांनी नियम काढून पाहिला. साठ दिवसांनी.

तेवढ्यात बाई पुढे झाल्या. म्हणाल्या, अहो, हा तर माझ्या हजेरीपटाचा पुठ्ठा! आणि खसकन ओढून घेतला. लिफ्ट गुरगुरली, वर आली, साहेब दार उघडून बाहेर पडले. बाई प्रशिक्षणार्थी नसल्यामुळे त्यांना पाचव्या महिन्याचा नियम लागू नव्हता. साहेब त्यांच्याकडे बघतच राहिले. ना हत्यार, ना पुस्तक, एका हाताने! तिथेच भिंतीला टेकून त्यांनी पहिलं प्रमाणपत्र लिहिलं: कुशल लिफ्ट-कारागीर, हजेरीबाई. प्रमाणपत्र मिळाल्यामुळे रिकाम्या शिक्षकाच्या जागी त्यांचीच नेमणूक झाली. केंद्राने उद्दिष्ट गाठलं म्हणून तीन वर्षांची मुदतवाढ. अट तीच, निदान एक प्रशिक्षणार्थी. सध्या बाई मला शिकवतात. मी त्यांना आदल्या दिवशी शिकवतो, त्या मला दुसऱ्या दिवशी शिकवतात, आणि खरं सांगायचं तर त्यांचा हात बरा बसतो आहे.

असो. मामींची काळजी घ्यावी आणि घड्याळ पुन्हा जोडता येत नसेल तर निदान डब्यात भरून ठेवावं. तुमचं सुखरूप असल्याचं चार ओळींत कळलं की मला झोप लागेल.

तुमचा,
अकुशल भाचा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. सोमवारी मला रुग्णालयात होय सांगायचं आहे. केंद्राला एक प्रशिक्षणार्थी हवा आहे. काही काम नसलेला, लवकर दुसरीकडे न चिकटणारा आणि पास व्हायची घाई नसलेला. कायद्यात वयाची अट घालायची राहून गेली आहे, मी दोनदा वाचून पाहिलं. एकाहत्तर चालतं.

ता. क. दुसरा. तुम्ही चिडणार हे ठाऊक आहे. शहरातल्या निम्म्या लिफ्ट तुमच्या हातच्या, आणि तुम्ही हजेरीबाईंकडून शिकायचं? पण अट एवढीच की काही येत नाही असं दाखवायचं. मामी म्हणाल्या, चाळीस वर्षांत यांनी एकदाही तसं दाखवलेलं नाही, बघू या जमतं का. तुमचा अर्ज त्यांनी परवाच भरून पाठवला आहे. ‘येत असलेले काम’ या रकान्यात त्यांनी ‘घड्याळ उघडणे’ असं लिहिलं आहे. शिक्का मिळाला: अकुशल.

ता. क. शेवटचा. दुसऱ्या महिन्यातला पाठ लिफ्टसमोर उभं राहण्याचा आहे. मला शिकवलात तसे हात मागे बांधून उभे राहा आणि ऐका. प्राचार्य म्हणतील, हात बाजूला. ऐकू नका, डावा कान पुढे करा. हात मागेच राहू द्या, मामा, तीन वर्षं. एवढ्या सोप्या पाठात नापास होणारी आपल्या घरात दोन माणसं झाली की बाईंची खुर्ची पक्की.