माझ्या वाट्याचे पापड

जळगाव, रविवार, संध्याकाळ

आज आमच्याकडचे उडदाचे पापड झाले. आठ जणी आल्या, आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन. सगळ्यांत आधी शेजारच्या अक्का. दारातच विचारलं, "आज डोकं बरं शे का?"

मागच्या रविवारी त्यांच्याकडचे पापड होते. आमच्या गल्लीत ज्या घरी पापड, त्या घरी सगळ्या जणी लाटायला जातात. मी डोकं दुखतंय असा निरोप पाठवला आणि दिवसभर टीव्हीसमोर लोळले. कंटाळा, दुसरं काही नाही. आणि आज माझं पीठ अक्कांनीच कुटलं, मनगट सुजलेलं असताना. मी "बरं आहे" म्हणाले, तेही कपाळ चोळत! काय गरज होती?

दुपारी पापड वाळवायला त्यांची खाट आणायला गेले. हे आमच्या घरात मॅच बघत बसलेले. अक्कांच्या रिकाम्या घरात आमच्या टीव्हीचा आवाज खणखणीत येत होता. ह्यांचं हसणंसुद्धा. मधे एकच भिंत. मी खाट धरून तशीच उभी राहिले. त्या दिवशी मी किती मोठ्याने हसत होते?

परत येऊन खाली मान घालून लाटत बसले. एकही पापड धड गोल झाला नाही.

निघताना अक्कांनी त्यांच्याकडच्या पापडांचा डबा हातात दिला. "हाऊ तुना वाटा शे." लाटायला येईल तिलाच पापडांचा वाटा मिळतो. मी कसंबसं म्हटलं, "अक्का, मी तर आलेच नव्हते."

त्या चपला घालत म्हणाल्या, "तुना आवाज त येत व्हता ना."