चुंबक विझवायचं आहे

१२ मे २०२५, सोमवार. गोंडपिपरी

झटका काढला की आकडे पुन्हा जुन्या जागी पळतात! वैताग आला नुसता.

रीना मॅडमचा फोन होता. त्या माह्या पीएचडीच्या गाईड. शुक्रवारपर्यंत दाखव, म्हणाल्या, नाहीतर ही जोडी सोडू, दुसरं काही घेऊ. तीन वर्षं गेली माही या जोडीत! वर अणूएवढा पातळ चुंबकाचा पापुद्रा, त्याच्याखाली फेरोइलेक्ट्रिक थर. खालच्या थराले विजेचा झटका दिला की त्याच्यातल्या धन-ऋण टोकांची दिशा उलटते, अन् वरचं चुंबक विझते. कॉम्प्युटरवरच्या हिशेबात इथपर्यंत जमलं. पण झटका काढल्यावरही ते विझलेलंच राहाले पाहिजे. बटन दाबून धरून कोण बसते जन्मभर?

१३ मे

अब्बांनी मोटर वायंडिंगचं टेबल बाहेर अंगणात नेलं. चव्वेचाळीस डिग्रीत! काऊन म्हणून विचारलं, तर आत गरमी होते म्हणे. बाहेर काय बर्फ पडून राह्यला?

१४ मे

अम्मीकडून समजलं. माह्या कॉम्प्युटरमध्ये चुंबक ठेवलं आहे अन् मोटरच्या चुंबकानं ते बिघडेल, असं अब्बाले वाटते. फ्रिजवर चिकटवलेली चुंबकाची फुलंसुद्धा काढून टाकली त्यांनी. आधी हसू आलं, मग रडूच आलं.

तशीच बाहेर गेली. अब्बा, यात चुंबक नाई, नुसता हिशेब आहे, म्हटलं. अच्छा अच्छा, म्हणाले. टेबल तिथंच. संध्याकाळी पुन्हा सांगितलं. मान वर न करता म्हणाले, "तू तुयं काम पाय."

जिद्दी माणूस!

१५ मे

सापडलं! खालचा थर अर्धवटच उलटून राह्यला होता. अणू नवीन जागी बसायच्या आधीच मी झटका काढून टाकत होती. हिशेब पुन्हा लावला आहे. लाईट जाऊ नको बाबा आज.

१६ मे, शुक्रवार

राह्यलं!! झटका काढला, तरी विझलेलंच. उलटा झटका दिला — जागं झालं. तोही काढला — जागंच! मॅडमनं पुन्हा पुन्हा तपासाले लावलं, मग म्हणाल्या, लिहायला घे. अजून सगळं हिशेबातच आहे, खरा पापुद्रा कोणीतरी करून पाहायचा आहे... पण आज मले ते कोणी सांगू नका. अम्मीनं ईद नसतानी शीरखुर्मा केला.

अब्बाले म्हटलं, आता तरी टेबल आत घ्या. लगेच घेतलं. मान पार काळी पडली आहे त्यांची.

१७ मे

सकाळी राहवलं नाई. विचारलंच, अब्बा, हिशेबाचं तुम्हाले खरंच पटलं नव्हतं का?

तांब्याची तार गुंडाळत होते. म्हणाले, "त्याच दिवशी पटलं बेटा."

मग उन्हात काऊन बसले?

"तुया कामात मले दुसरं काही करता येत नाई ना."