उशिराची पक्की हमी

११ सप्टेंबर

आजपासून मी विद्यार्थिनी. वय बावन्न. हे इथे लिहिलं, वर्गात सांगणार नाही.

इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग, आणि तेही थेट शेवटचं वर्ष. माझा अनुभव पाहूनच घेतलं. रिबिनीच्या कारखान्यात कुठल्या मागावर काय आणि कधी विणायचं हे गेली तीस वर्षं मीच ठरवते. ही मुलं ते आता पुस्तकातून शिकणार. खरं म्हणजे मी इथे शिकवायलाच आले आहे, फक्त फी मी भरते आहे.

कारण एकच. मालक मस्यू गार्नोदिए जुलैत निवृत्त होतात. 'इंजिनिअरची पदवी आणा, संचालकाची खुर्ची तुमची,' असं ते स्वतः म्हणाले. नाही आणली तर खुर्ची जावयाची. जावई पोहण्याचे तलाव विकतो.

वर्गात जाहीर करून टाकलं की मला सर्वांनी 'तू' म्हणावं, फक्त एदविज म्हणावं. सगळे म्हणू लागले. एकच मुलगी, नोलवेन, ब्रेस्टकडची, मला 'तुम्ही' आणि 'मादाम ब्रोसार' म्हणते. चांगल्या घरची दिसते.

संकल्प: पहाटे पाचला उठून अभ्यास. कुणावरही चिडायचं नाही.

लुसियँने विचारलं, डबा देऊ का बरोबर. तीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याकडून हेच मिळतं.

१५ सप्टेंबर

पाचला उठणं जमलं नाही. लुसियँ घोरत होता, झोप झाली नाही. झोपच नाही तर उठायचं कशातून? सोमवारपासून.

२ ऑक्टोबर

वर्षाचा प्रोजेक्ट ठरला. माझाच कारखाना. साहजिक आहे. जोडीदार दिली नोलवेन.

काम असं: ऑर्डर आल्यापासून माल गिऱ्हाइकाच्या दारात पडेपर्यंतची मुदत, म्हणजे आपली देले, कमी करायची. देले म्हणजे काय हे नोलवेनने मला समजावून सांगितलं. मला. ती पाळण्यात होती तेव्हापासून मी देले पाळते आहे. तिला मी शांतपणे तसं सांगितलं. पलीकडच्या वर्गातून सर आले, काय झालं म्हणून.

२० ऑक्टोबर

ती आज कारखान्यात स्टॉपवॉच घेऊन उभी होती. माझ्यामागे. दिवसभर.

सकाळी मी सगळ्या विभागांतून फिरते. प्रत्येकाच्या गालाला गाल लावते, कुणाची आई कशी आहे विचारते, कुणाच्या मुलाची सायकल मिळाली का विचारते. माझ्या आधीची बाई असंच करायची, तिच्या आधीची पण. रिबिनी अशाच विणल्या जातात. नोलवेनने आपल्या तक्त्यात या सगळ्यावर लाल पट्टा ओढला आणि वर लिहिलं: मूल्य न वाढवणारी हालचाल.

मी विचारलं, मग काय लोकांनी लांबूनच हात हलवायचा का. ती म्हणाली, 'मादाम, मी गाल बंद करा म्हणत नाही. तुमचं सगळ्यांना भेटून होईपर्यंत पहिली शिफ्ट माग सुरूच करत नाही, एवढंच म्हणते आहे.'

चांगल्या घरची वगैरे काही नाही.

९ नोव्हेंबर

सांख्यिकीत वीसपैकी सात. पेपर पुरुषाने काढला होता, आणि तोही घाईत. नोलवेनला सतरा. तिला वेळच वेळ असतो, तिला कुणाच्या आईची चौकशी करायची नसते.

२४ नोव्हेंबर

इंग्रजी. हे एक विचित्र आहे. सगळ्या विषयांत उत्तम असलात तरी इंग्रजीची परीक्षा पास झाल्याशिवाय पदवी हातात देत नाहीत. वर्गातली अर्धी मुलं या एका गोष्टीने हादरलेली आहेत. मला त्यांची कीव येते.

मी ल प्वीच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर क्लोदिनच्या हाताखाली शिकले. अजून डोळे मिटले की फरशीच्या मेणाचा वास येतो, गुरुवारचं हिरव्या मसुरांचं सूप, आणि खिडकीशी उभ्या सिस्टर क्लोदिन, बाहीत खडू. त्या म्हणायच्या, मुलींनो, घाबरू नका. इंग्रजी म्हणजे आपलीच फ्रेंच, समुद्र ओलांडताना थोडी भिजलेली. शब्द अडला तर आपलाच घ्या आणि नाकातून बोला. त्या स्वतः कधी इंग्लंडला गेल्या नव्हत्या. गरजच पडली नाही.

आमच्या इथल्या इंग्रजीच्या बाई, मिसेस प्रिचर्ड, यांना हे पटत नाही. त्या वेल्सच्या. म्हणजे तशा त्याही इंग्रज नाहीतच.

१२ जानेवारी

सराव परीक्षा. इंग्रजीत नापास. हेडफोन एका कानाने बंद होता. कुठल्या ते आठवत नाही.

नोलवेन एक वर्ष आयर्लंडला राहून आली आहे. हॉटेलात भांडी घासत होती. त्यावर तिचा तोरा. तिने मला शनिवारी एकत्र अभ्यास करू असं सुचवलं. मी नम्रपणे नाही म्हटलं. भांडी घासून आलेलं इंग्रजी माझ्या सिस्टरांच्या इंग्रजीत मिसळायला नको.

संकल्प: रोज रात्री एक इंग्रजी सिनेमा, खालच्या ओळींशिवाय.

१९ जानेवारी

सात दिवसांत एक सिनेमा, तोही अर्धा. एक माणूस बराच वेळ पावसात उभा होता. लुसियँ म्हणाला, तू मध्येच झोपलीस. मी डोळे मिटून ऐकत होते. ऐकण्याचा सराव म्हणतात तो हाच.

१८ मार्च

मोठी बातमी. जूनमधल्या आमच्या प्रोजेक्टच्या सादरीकरणाला मस्यू गार्नोदिए येणार, आणि आमचं इंग्लंडचं गिऱ्हाईक, लीड्सच्या मिसेस हारग्रीव्हही येणार. त्या भेटवस्तूंचे खोके बनवतात. त्यांची वर्षाची ऑर्डर मिळाली तर नवीन माग घेता येईल, गेली तर तिसरी शिफ्ट बंद. मालकांनी फोनवर मला ते दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना त्यांचा आवाज खाली गेला होता.

म्हणून मी ठरवलं, इंग्रजीतून मी बोलणार. नोलवेनने आकडे दाखवायचे, बोट लावून.

आमची देले आता तीन आठवड्यांवर आली आहे. आधी सहा होती. (नोलवेन म्हणते, शिफ्ट वेळेवर सुरू झाल्यामुळे. मी तिच्याशी वाद घालत नाही. मी आता सगळ्यांच्या गालाला गाल दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत लावते, तेही माझ्याच इच्छेने.)

३० एप्रिल

भाषण लिहून तयार. कोश उघडावासुद्धा लागला नाही. देले या शब्दाचं तर रोमन स्पेलिंगमधलं फक्त शेवटचं एक अक्षर बदलायचं: डिले. सिस्टर क्लोदिन किती खरं बोलायच्या.

२२ मे

नोलवेनने माझं भाषण वाचलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. मत्सर माणसाला आजारी करतो.

म्हणाली, मादाम, एक शब्द बदलायला हवा. मी म्हटलं, एकही नाही. ती म्हणाली, फक्त एक. मी म्हटलं, तू गालावरसुद्धा लाल पट्टा ओढलास, आता शब्दांवरही ओढणार का. ती म्हणाली, निदान मिसेस प्रिचर्डना दाखवा. मी म्हटलं, वेल्सच्या बाईंना? मग ती कॉफीच्या मशीनला लाथ मारून निघून गेली. मशीन शाळेचं आहे.

१२ जून, संध्याकाळ

विजय. सविस्तर लिहिते, म्हणजे पुढे संचालक झाल्यावर वाचता येईल.

मी निळा सूट घातला होता आणि सिस्टर क्लोदिनने दिलेली चांदीची पिन. मिसेस हारग्रीव्ह पहिल्या रांगेत, वही मांडीवर. मी नाकातून, सावकाश, एकेक शब्द वेगळा करत बोलले. मुख्य वाक्याला टाळ्यांसाठी थांबले: आमचा कारखाना तीन आठवड्यांच्या डिलेची पक्की हमी देतो.

मिसेस हारग्रीव्हनी पेन काढलं.

'प्रत्येक ऑर्डरला?'

'प्रत्येक.'

'नाताळातसुद्धा?'

'नाताळात तर खास,' मी म्हटलं. 'आम्ही कधीच चुकत नाही. ती आमची परंपरा आहे.'

त्या म्हणाल्या, इतका प्रामाणिक पुरवठादार आपल्या आयुष्यात पाहिला नाही. मी मान झुकवली.

मिसेस प्रिचर्डनी दोन्ही डोळ्यांवर हात ठेवला होता. त्यांना भरून आलं असणार, मनापासून. आणि नोलवेन? त्याच क्षणाला तिने पाण्याचा ग्लास माझ्या कागदांवर उलथवला. सगळ्यांसमोर. मी थांबले नाही. सगळं पाठ होतं.

संपल्यावर खिडकीतून पाहिलं तर ती बाहेर गाड्यांपाशी मिसेस हारग्रीव्हना गाठून बोलत होती, हातवारे करत, वर माझ्या खिडकीकडे बोट दाखवत. मिसेस हारग्रीव्ह गाडीला टेकून हसत सुटल्या. डोळे पुसत होत्या. माझ्या पाठीमागे माझी टिंगल. तिचं हे मी विसरणार नाही. लिहून ठेवते: विसरणार नाही.

१९ जून

इंग्रजीची खरी परीक्षा. सोपी. थोडी चुकीची काढलेली.

ऐकण्याच्या भागात विमानतळावरची घोषणा होती. लिव्हरपूलच्या विमानाला डिले आहे म्हणे. म्हणजे मुदत आहे. किती, ते त्या बाईने सांगितलंच नाही, बेजबाबदार कारभार. खाली विचारलं होतं, विमानाचं काय झालं? चार पर्यायांतून मी 'विमान ठरल्या वेळी सुटेल' यावर खूण केली. नोलवेन माझ्या पुढच्या बाकावर होती. बाहेर आल्यावर मला म्हणाली, विमानाचं काय लिहिलंत. मी सांगितलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

२८ जून

खुर्चीसाठी नवी उशी घेतली. रंग गडद लाल. मालकांच्या खोलीतल्या पडद्यांना शोभेल असा.

४ जुलै

निकाल लागला. प्रोजेक्टला वीसपैकी सोळा. सांख्यिकी दुसऱ्या फेरीत सुटली. इंग्रजी नापास.

पदवी थांबवली. पुढची परीक्षा सप्टेंबरात.

दुपारी मालकांनी बोलावलं. लीड्सची वर्षभराची ऑर्डर आली आहे. मला आनंद झाला, बसले, तेव्हा त्यांनी मिसेस हारग्रीव्हची चिठ्ठी वाचून दाखवली. त्या लिहितात की त्या गाडीत बसून दुसऱ्या कारखान्याला फोन लावत होत्या, तेवढ्यात एक मुलगी धावत आली, धापा टाकत म्हणाली की बाई बोलल्या ते उलटं समजा. ह्या कारखान्याने कधी उशीर केलेला नाही आणि हे ती शपथेवर सांगते, कारण तिने ते वर्षभर घड्याळ लावून मोजलं आहे.

मालकांनी चष्मा काढला. 'मादाम ब्रोसार, तुम्ही त्यांना उशिराची हमी दिलीत?'

मी म्हटलं, शब्दाला दोन बाजू असतात.

'नाताळातसुद्धा?'

मी उठले.

खुर्ची सप्टेंबरपर्यंत जावई सांभाळेल. तात्पुरता. तो बाहेर माझ्या टेबलाशी उभा होता, खिडकी मोजत होता. त्याला गाल लावला नाही.

५ जुलै

वसतिगृहातून नोलवेन सामान हलवत होती. मी मुद्दाम त्या बाजूने गेले, न बोलण्यासाठी. तिने खोका खाली ठेवला.

'उद्या माझ्या नव्या खोलीवर ये,' ती म्हणाली. 'ऑगस्ट संपेपर्यंत दर शनिवारी. सकाळी दहाला. कोश घेऊन ये.'

मी विचारलं, तू मला 'तू' कधीपासून म्हणायला लागलीस.

'आत्तापासून,' ती म्हणाली. 'मला राग आला की मी तुम्ही म्हणते. आमच्याकडे तसंच असतं. माझी आई बाबांना दोन वर्षं तुम्ही म्हणत होती.'

म्हणजे वर्षभर. आणि मी पहिल्या दिवशी इथे काय लिहिलं होतं ते मागे जाऊन वाचलं नाही.

जाणार नाही आहे. मला सिस्टर क्लोदिनने शिकवलं आहे. पाचला उठून घरीच अभ्यास करीन.

६ जुलै, शनिवार

पाचला उठले नाही. साडेनऊला लुसियँने काही न विचारता डबा हातात दिला.

गेले. ट्राम चुकली, पोचायला वीस मिनिटं जास्त लागली. नोलवेनने दार उघडलं, घड्याळ पाहिलं, पण आत येऊ दिलं नाही. उंबऱ्यावर उभी करून विचारलं, आत्ता जे झालं त्याला इंग्रजीत काय म्हणतात.

सांगितलं. तिने आणखी दोनदा म्हणायला लावलं.