धोट्या दारात उभा

वाडी, नागपूर
१ डिसेंबर २०२४

ती. दादास,
हर्षाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून हसू नको. फोनवर आपण बोललो की चौथ्या वाक्याले तू ओरडतो, मी फोन आपटते अन् वहिनीले दोन्हीकडून समजूत काढा लागते. म्हणून मी ठरवलं, आता भांडाचं ते कागदावर. कागदावर तुले मधात बोलता येत नाही, हा मोठा फायदा आहे.

मी बरी आहे. खोली तीच, ट्रान्सपोर्टच्या गोदामामागची. ट्रकच्या हॉर्नशिवाय आता मले झोपच येत नाही. घरमालकीण कांताबाई रोज विचारते, कार्टून काढणं झालं की मंग नोकरी कुठं करशीन. हीच नोकरी आहे म्हटलं तं तिले माझी कीव येते अन् ती वांग्याची भाजी आणून देते. म्हणून मी तिले जास्त समजावत बसत नाही.

आमचं धोट्याचं कार्टून संपत आलं, शेवटचा भाग राहिला. तू एकही भाग नीट पाहिला नाही हे मले माहीत आहे, म्हणून सांगते. धोट्या हा कोष्ट्याचा पोरगा, मागावरच्या धोट्यावरूनच त्याचं नाव. डोळे मोठे, केस उभे, सगळं जपानी कार्टूनसारखं, फक्त बोलते आपल्यासारखं. त्याच्या अंगात एक ताकद आहे. दोन बोटांनी हवेतला धागा धरून छातीकडं ओढला की आत्ता घडलेलं सगळं उसवून जाते. बाबा नाही का मागावर चुकलेली नक्षी दिसली की आडवा धागा परत काढून घेत, तसं. म्हणून पोरगा लई माजला आहे. खोटं बोलते, दोस्ताले मारते, मंग धागा ओढते. कोणाले काही आठवत नाही. आठवते फक्त त्याले.

आमचे ऑफिसातले श्रीधर सर म्हणतात, शेवटी त्यानं सगळ्यात मोठं काही तरी उसवलं पाहिजे, पोरं टाळ्या वाजवतील. मले वाटते आता त्याले अक्कल आली पाहिजे. पण कशानं येईन, हे सुचून नाही राहिलं. मीच बनवला अन् माझंच ऐकत नाही कार्टं.

रितिकाले सांग, दिवाळीत तिनं दाखवलं तसंच धोट्याचं बोट मी आता काढते. मी तिले धागा ओढाले शिकवाले गेली तं तिनंच मले शिकवलं होतं, आत्या, अंगठा नाही, मधलं बोट. बाबांची शाल जुनी झाली आहे, मी नवीन पाठवते. वहिनीले नमस्कार. तुझा लोभ तुझ्या रागासकट असू दे.

तुझी,
हर्षा


उमरेड
१४ डिसेंबर २०२४

चि. हर्षास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा ते वाचाच्या मनःस्थितीत घरात कोणी नव्हतं. आता लिहाले बसलो, अक्षर बिघडलं तं समजून घेजो.

आपल्या मागं ओमप्रकाशचं घर बांधणं चालू आहे. स्लॅब टाकून झाला, कठडा नाही. खाली रेतीचा ढीग आहे अन् गल्लीतली पोरं वरून त्याच्यावर उड्या मारतात. शंभर वेळा रागावलो, कोण ऐकते. मागच्या मंगळवारी रितिका अन् रोशनी वर गेल्या. रोशनी म्हणजे सरिताची पोरगी, अंगणवाडीतल्या सरिताची. दोघी बालवाडीपासून एका डब्यात जेवतात. वर दोघींचं भांडण झालं, आज धोट्या कोण होणार म्हणून. रोशनी म्हणे मी. आपली म्हणे धोट्या माझ्या आत्याचा, म्हणजे माझा. अन् हिनं तिले ढकललं. रोशनी रेतीवर नाही पडली, बाजूच्या विटांवर पडली. मांडीचं हाड मोडलं.

पुढचं लिहवत नाही, पण तुले माहीत असलं पाहिजे. आपली पोरगी वर उभी राहून दोन बोटं ओढत राहिली. कोणाले हाक नाही मारली, खाली नाही उतरली. खाली रोशनी रडून राहिली अन् ही वरून धागा ओढून राहिली. मिस्त्री जेवून परत आले तेव्हा त्यांनी रोशनीले उचललं. रितिका घरी आली, हात धुतले अन् भात मागितला. तिच्या आईनं, प्रीतीनं वाढला. आम्हाले तेव्हा कुठं काय माहीत होतं.

रोशनीनं सगळ्यांले सांगितलं की माझाच पाय घसरला. तिले नागपूरले नेलं, तुझ्या ऑफिसजवळच, रामदासपेठेत. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात हाड जुळेल, पण चालताना थोडं लंगडणं राहू शकते.

परवा प्रीती दिवाण आवरून राहिली तं आतून लोकर निघाली, ढीगभर. रितिकानं शाळेचा स्वेटर सगळा उसवला. रागावल्यावर रडत रडत सगळं सांगितलं. तिले वाटलं, बोटांनी नाही उसवलं तं खऱ्या धाग्यानं तरी उसवेन अन् मंगळवार परत येईन. आता ती जेवत नाही. शाळेत जात नाही. धोट्याचा शेवटचा भाग कधी येते, एवढंच विचारते.

सरिताले आम्ही हे सांगितलं नाही अन् सांगणारही नाही. रोशनी स्वतः म्हणते ना पाय घसरला, मंग झालं. लहान जागा आहे. उद्या पोरीच्या कपाळी शिक्का बसेन अन् जन्मभर जाणार नाही. तू दोन गोष्टी कर. रितिकाले पत्र लिही की तुझी काही चूक नव्हती, अन् चूप राहा म्हणाव. तुझं ऐकेन ती. अन् शेवटच्या भागात धोट्याले असं काही कराले लाव की पोरीच्या जिवाले शांती वाटेन.

तुझ्यावर मले राग आहे. खोटं काहून लिहू. हे खूळ तिच्या डोक्यात तू घातलं. तरी माझी बहीण आहेस तू, स्वतःले सांभाळ.

तुझा,
दादा


वाडी, नागपूर
१८ डिसेंबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा राग बरोबर आहे. त्याच्यावर मी काही म्हणत नाही.

मी दवाखान्यात गेली होती. काल जेवणाच्या सुट्टीत दारापर्यंत जाऊन परत आली, आज आत गेली. रोशनीचा पाय वर बांधून ठेवला आहे. मले पाहून इतकी खूश झाली की सरिताताई म्हणाली, इतक्या दिवसांत आज हसली पोरगी. मले खुर्ची दिली, संत्रं सोलून दिलं. मी ते संत्रं खाल्लं, दादा. रोशनीनं एकच विचारलं, रितिका कधी येते. मी म्हटलं येईन. सरिताताई म्हणे, तिची शाळा बुडवू नका बाई, पोरीले इतका लळा आहे हेच लई झालं. मले तिथं बसवलं नाही. जिन्यात येऊन रडली.

म्हणून सांगते, तू म्हणतो तसं पत्र मी रितिकाले लिहिणार नाही. तिची चूक नव्हती, हे तिले स्वतःले खोटं वाटेन अन् मंग ती आपल्या कोणाचंच ऐकणार नाही. तू काय करून राहिला, समजते का तुले? तू पण दोन बोटं ओढून राहिला. मी शिकवलं तिले, अन् तू त्याच्यावर पक्का शिक्का मारून राहिला.

माझी चूक वेगळी आहे, ती मले या दोन दिवसांत समजली. बाबा नक्षी उसवत ते मी लहानपणी पाहिलं अन् तेवढंच उचललं. ज्या दिवशी उसवावं लागे त्या दिवशी बाबा जेवाले उठत नसत, अन् आई आपल्याले म्हणे आज त्यांच्याशी बोलू नका, हे मी घेतलंच नाही. उसवलेला दिवस बाबांचा मजुरीसकट जायचा. धोट्याचं कधी काहीच गेलं नाही. मी त्याले सगळं फुकटात दिलं.

श्रीधर सरांशी भांडली. ते म्हणे, ताकदवाल्या हिरोनं ताकद नाही वापरली तं पोरं पाहतील काय. मी म्हटलं, ताकद राहू द्या, पण त्यानं वापराची नाही. कसंबसं ऐकलं त्यांनी. आता शेवटच्या भागात असं आहे. धोट्याच्या हातून दोस्ताले लागते. त्याले धागा दिसून राहिला, ओढला तं ओढल्या जाईन. पण तो हात खिशात घालते अन् दोस्ताच्या घरी जाते. दार वाजवते. दार उघडते.

इथं मी अडकली. दार उघडल्यावर तो काय बोलते, मले येतच नाही. दहा वेळा लिहून खोडलं. माफी मागते असं लिहिलं तं खोटं वाटते, रडते असं काढलं तं नाटक वाटते. तो नुसता दारात उभा आहे.

मी रविवारी येऊ का, ते कळव. रितिकाले धोट्याचं सांगाचं का नाही, ते तू ठरव. लोभ तुटू देऊ नको, एवढं मागते.

तुझी,
हर्षा


उमरेड
२३ डिसेंबर २०२४

चि. हर्षास,
अ. आ.

रविवारी ये म्हणून कळवलं नाही, कारण तुझं पत्र वाचून माझं डोकं फिरलं होतं. मोठ्या भावाले दोन बोटं ओढतो म्हणते. पत्र फाडाले घेतलं होतं, प्रीतीनं हातातून घेतलं. सकाळी एवढंच म्हणे, मी रोज नळावर सरिताच्या बाजूले बादली लावते, माझ्यानं तिच्या तोंडाकडं पाहवत नाही.

रोशनीले परवा घरी आणलं. गल्लीतले सगळे पाहून आले. आम्ही पण गेलो, फळं घेऊन. रितिका नाही आली. मी पण चल म्हटलं नाही.

काल मी तिले धोट्याचं सांगितलं. म्हटलं, शेवटच्या भागात तो धागा ओढत नाही, दोस्ताच्या घरी जाते. तिनं विचारलं, मंग काय म्हणते तो? मी म्हटलं आत्याले अजून माहीत नाही. तिले राग आला. म्हणे, आत्याले नाही माहीत तं मंग कोणाले माहीत आहे. अन् भिंतीकडं तोंड करून झोपली.

आता सकाळचे आठ वाजून राहिले. ती आंघोळ करून, केस विंचरून, चप्पल घालून दारापाशी उभी आहे. प्रीतीनं विचारलं तं म्हणे रोशनीच्या घरी. मी कडी लावून इथं तुले लिहाले बसलो. तिले जाऊ दिलं तं आज संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीले समजेन की पंकजच्या पोरीनं सरिताच्या पोरीले लंगडं केलं. हर्षा, मी बाप आहे. तू चित्र काढते, तुझा पोरगा कागदावरचा आहे. माझी अजून उभीच आहे. नुसती माझ्याकडं पाहून राहिली.

पत्र इथंच थांबवतो. आमच्यासाठी देवाजवळ दोन शब्द बोल.

दादा


उमरेड
२६ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
रितिकाचा शि. सा. न. वि. वि. (हे आईनं सांगितलं, याचा अर्थ खूप मोठा नमस्कार.)

आत्या, सोमवारी शेवटी बाबानं दाराची कडी काढली. माझ्यासोबत येतो म्हणे, मी नाही म्हटलं. तरी तो मागून आला अन् रोशनीच्या घराच्या बाहेर नळापाशी उभा राहिला.

सरिता मावशीनं दार उघडलं. ती म्हणे, आली का बाई शेवटी, आज हिले पोहे केले, बस. धोट्या काय बोलते ते तुले माहीत नव्हतं, म्हणून मले पण माहीत नव्हतं. मी चप्पल पण नाही काढली. मी म्हटलं, रोशनीचा पाय नाही घसरला, मी ढकललं. मावशीच्या हातात पोह्याची ताटली होती ती तिनं खाली ठेवली. मंग मी म्हटलं की मी कोणाले बोलावलं पण नाही. हे बोलाले जास्त भीती वाटली. मावशीनं रोशनीकडं पाहिलं अन् तिले विचारलं, खरं आहे का. रोशनीनं हो म्हणून मान हलवली.

मावशी आत गेली अन् आतून रडल्याचा आवाज आला. मी रोशनीले विचारलं, तू खोटं काहून सांगितलं? ती म्हणे, मी खाली पडून तुलेच पाहून राहिली होती, तू ओढून राहिली होती ना. मले वाटलं आता होईनच उलटं, मंग तुझं नाव काहून सांगू. दवाखान्यात पण तिले वाटे की मी घरी ओढत असीन. म्हणून ती वाट पाहे.

मंग ती म्हणे, ओढ आता, माझ्यासमोर. मी म्हटलं होत नाही. ती म्हणे ओढ तं. मी ओढलं. मधलं बोट बरोबर ठेवलं होतं. आम्ही दोघींनी तिच्या पायाकडं पाहिलं. ती म्हणे अजून एकदा. मी अजून ओढलं. असं खूप वेळ केलं, माझी बोटं दुखली. पाय तसाच होता. मंग रोशनी म्हणे पुरे. अन् ती रडली, आत्या. इतक्या दिवसांत मावशीसमोर नव्हती रडली, तेव्हा रडली.

मावशी बाहेर आली अन् म्हणे, तू आता घरी जा. ओरडून नाही म्हटलं. बाबा दारात आला होता, त्यानं मावशीसमोर हात जोडले. मावशीनं त्याच्याकडं नाही पाहिलं. आता आई नळावर गेली की बाकीच्या बाया तिची बादली मागं सरकवतात. आई सगळ्यांच्या नंतर भरते.

काल मी परत गेली. मावशीनं दार उघडलं अन् ये नाही म्हटलं, जा पण नाही म्हटलं. दार उघडं ठेवून आत गेली. मी उंबऱ्यावर बसली. रोशनी पलंगावर होती. आज पण बसली.

धोट्याले जास्त बोलाले लावू नको. त्यानं काय केलं तेवढं सांगू दे. अन् दुसऱ्या दिवशी पण तो जाते असं दाखवजो, नाही तं पोरांले वाटेन एकाच दिवसात झालं. मी उद्या पण जाईन. तू रविवारी येशीन तं लोकर घेऊन येजो, निळी, शाळेची. आजोबा म्हणतात उसवलेली परत विणता येते, पण मले नवीनच पाहिजे, ती मले पाहवत नाही.

माझ्यावर रागावशीन तं रागाव, पण येजो.

तुझी,
रितिका