दुसरा पाट

सुपेला, भिलाई
२० सप्टेंबर १९८८

ती. रुक्माताईस,

देवाजीचा नमस्कार. भाऊजींनाही सांग. तुझ्या गुडघ्याला आराम पडला का? मी बरा आहे. तेरा वर्षांपूर्वी वर्कशॉपच्या प्रेसमध्ये गेलेली बोटं ढगाळ हवेत अजून दुखतात, म्हणजे सगळं ठीकच.

विश्वकर्मा पूजा झाली. दरवर्षी सायकल दुकानाचे मालक म्हणून तुम्ही दोघं जोडीनं पाटांवर बसता आणि मी मागे उभा राहतो. यंदा तुम्ही आला नाहीत, म्हणून मीच बसलो. भाऊजींच्या वाटचे लाडूही मीच खाल्ले, त्यांना राग मानू नका म्हणावं.

आरतीच्या वेळी स्कूटरवरून अरुणकुमार आला. माझी अपंगत्वाची पेन्शन येते त्या ऑफिसातला बाबू. मी पटकन पाटापासून दूर झालो.

"दुकान कोनाचं हो, देवाजी?"

"बहिणीचं जी. मी नुसता बसतो."

तो हसला. "मंग हाताले ग्रीस कावून लागलं? अहो, पेन्शन गेलेल्या बोटांची हाय. दहा दुकानं टाका, बंद नाही होत. कोनं सांगतलं तुमाले?"

प्रेसवरच्या सोबत्यांनी सांगितलं होतं, धंदा केला की पेन्शन गेली. मी अकरा वर्षं ऑफिसात विचारलंच नाही. विचारलं तर संशय येईल, ही भीती. म्हणून लायसन्स तुझ्या नावाचं, पाटी तुझ्या नावाची. गिऱ्हाइकानं मालक म्हटलं तर मी त्याच्यावरच खेकसायचो.

ताई, एक गोष्ट लिहायची टाळत होतो. गेल्या वर्षीच्या पूजेला तुझी भावजय शेवंता सगळ्यांदेखत म्हणाली, "एक डाव मले पाटावर बसू द्या ना. दुकान आपलंच हाय." मी ओरडलो, "चूप! आपलं काय हाय इथं?" ती प्रसाद वाटायला गेली. तूही ऐकलंस. दिवाळीत ती देवाघरी गेली. मला माझी फार लाज वाटते गं.

आता थकलो लपून. लायसन्स माझ्या नावावर करायचे कागद सोबत आहेत, सही करून पाठव. पाटीवरचं तुझं नाव काढून शेवंताचं लिहायला सांगितलं आहे, तुला वाईट वाटणार नाही हे ठाऊक आहे.

पूजेला सवयीनं दोन पाट मांडले होते. दुसरा उचलायचं शेवटपर्यंत मनात आलं नाही.

तुझा धाकटा भाऊ,
देवाजी, दुकानाचा मालक.
असं आज पहिल्यांदा लिहिलं, आणि वाचायला ती नाही.