बाराव्या हातावरचा डाग

७ एप्रिल, सोम.
सीरमची पहिली मोठी बॅच निघाली. सुटले एकदाची. चार महिने त्या बाकुचिऑलच्या मागे होते. बावचीच्या बियांतून काढून शुद्ध केलेलं. सुरकुत्यांवर चालतं, आणि मुख्य म्हणजे उन्हाचं भय नाही. ब्रँडवाल्यांनी खोक्यावर 'दिवसा-रात्री' छापूनही टाकलंय.
सकाळी पॅकिंगच्या बाराजणींच्या हातावर सीरमचे पॅच चाचणीला लावले, मनगटाच्या वर चार बोटं. नेहमीचंच पॅनेल, बदल्यात प्रत्येकीला एक फेसवॉश. मंगलताई महाळुंग्याची, लाइनवर सगळ्यांत जुनी. कंपनी उभी आहे ती जमीन तिच्या सासऱ्यांची. तिनं बाटलीचा वास घेतला. "बावची हाय व्हय ह्यात? आमी कोडावर लावून उन्हात बसवायचो. कातडी भाजून निघती."
मी हसले. वर लेक्चर दिलं: ताई, ते कच्चं तेल, हे शुद्ध, भाजणारा भाग यात नसतोच. ती म्हणाली, असंल बाई.

८ एप्रिल, मंगळ.
तीनला शिफ्ट सुटताना पॅच काढले. बाराही हात साफ. घरी आकुर्डीला पोचेपर्यंत जीव नकोसा, इतकं ऊन.

१० एप्रिल, गुरु.
अकरा साफ. मंगलताईच्या हातावर पॅचएवढाच चौकोन, लालबुंद, कडेला फोड. परवा रात्रभर आग होत होती म्हणे, तरी काल कामावर आली. मला सांगितलंसुद्धा नाही. का, तर "तुमची परीक्षा चालली हुती न्हवं."
ड्युटी डॉक्टरकडे नेलं. मग तडक स्टोअरमध्ये. ड्रमचं झाकण उघडलं आणि वासानंच कळलं. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा! लेबल बाकुचिऑलचं, आत बावचीचं तेल. निव्वळ तेल!! मी पास केलेला नमुना वेगळा, आलेला माल वेगळा.
पर्चेसचा नितीन म्हणतो, मॅडम, बावचीचंच आहे ना, मग फरक काय? त्याला स्वस्त पडलं. फरक मंगलताईच्या हातावर आहे, जाऊन बघ म्हटलं. गेला नाही.

११ एप्रिल, शुक्र.
मो.सा.कडे (मोठे साहेब, माझ्यापुरतं मो.सा.च) दोन फेऱ्या. त्यांचं एकच: तेल वाईट असतं तर बाराही हात भाजले असते. बाईनं घरी काहीतरी चोपडलं असेल, या लोकांना सवय असते. 'या लोकांना'! तिच्याच सासऱ्यांच्या शेतात खुर्ची टाकून बसलाय हा माणूस.
पण उरलेले अकरा हात का सुटले, ते मलाही कळेना. त्याचाच जास्त संताप.

तीनला गेटवर उभी होते. पोरी गाड्या काढत होत्या. आधी सनकोट, मग तोंडाला स्कार्फ, मग कोपरापर्यंत हातमोजे. डोळे तेवढे उघडे. उरलेल्या बसमध्ये, पडदे ओढून. आणि मंगलताई एकटी पायी, बाह्या वर केलेल्या, पाऊण तास तळपत्या उन्हात.
कपाळ माझं. अकरा हातांना ऊन लागलंच नाही! उन्हात चालणाऱ्या सीरमची चाचणी मी सावलीतल्या हातांवर केली. मी स्वतः रोज हातमोजे घालून गाडी चालवते. सात वर्षं पॅनेल घेते आहे, एकदाही मनात आलं नाही. मो.सा.वर काय ओरडू? आधी स्वतःच्या थोबाडीत मारायला हवी.

१२ एप्रिल, शनि.
पुन्हा बायकांच्या हातावर लावणार नाही, हे नक्की. डाव्या हातावर दोन चौकोन केले. वर बॅचमधलं सीरम, खाली माझ्या कपाटातल्या शुद्ध नमुन्याचं. जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर अर्धा तास उन्हात बसले. सिक्युरिटीवाला म्हणाला, मॅडम, चक्कर येईल. म्हटलं, येऊ दे.

१४ एप्रिल, सोम.
जयंती. कंपनी बंद. पांढरी साडी, ब्लाउज लांब बाह्यांचा मुद्दाम काढला. वंदनेच्या वेळी आईनं हात धरला तशी ओरडलेच. बाही वर करून बघितलं तिनं. वरचा चौकोन टरारून फुगलेला, खालचा कोरा. आई म्हणाली, दुसऱ्याच्या कंपनीसाठी हात जाळून घ्यायला शिकवलं होतं का तुला? तिला काय सांगू? मला आज बरं वाटत होतं. पुरावा मिळाला होता.

१५ एप्रिल, मंगळ.
हात मो.सा.च्या टेबलावर ठेवला. बघितला. मग म्हणाले, "सुजाता, तू पॅनेलमध्ये नाहीस. हा तुझा खाजगी हात."
खाजगी हात! लायसनवर केमिस्ट म्हणून नाव माझं, बॅचवर सही माझी, आणि हात तेवढा खाजगी. बॅच फेकून द्या, म्हटलं. ते म्हणाले, सोमवारी गाडी लागणार, सही कर. नाही करणार, म्हटलं.

१७ एप्रिल, गुरु.
लायसनवर दुसऱ्याचं नाव चढवायची धावपळ चालू आहे. त्या नव्या केमिस्टला फक्त स्वच्छ पॅनेल हवंय. म्हणजे अडकलंय ते एका मंगलताईच्या हातापाशी. मला वाटलं, बरं झालं, तो हात काही पुसता येत नाही.

१८ एप्रिल, शुक्र.
पुसता येतो. कागदावर.
संध्याकाळी मंगलताई घरी आली, आकुर्डीपर्यंत, बस बदलून. पिशवीतून टाइप केलेला कागद काढला. 'मी पॅच काढल्यावर घरी स्वतःहून दुसरे औषध लावले होते.' खाली तिचं नाव, सहीला जागा. सही केली तर परमनंट करतो म्हणालेत. नाही केली तर तिचं काम बंद आणि सुनेचंही. सून त्याच लाइनवर आहे.
चार दिवस तावातावानं बोलते आहे, सही करणार नाही, करणार नाही. माझ्याकडे डिग्री आहे, चार कंपन्या विचारतील. हिला कोण विचारणार? आणि तो पॅच लावला कोणी? मी. हसून, लेक्चर देऊन.
"आमी सांगितलं हुतं मॅडम तुमाला," ती म्हणाली. रागानं नाही. "आता तुमीच सांगा. करू का नको?"
उद्या दुपारपर्यंत कागद परत द्यायचाय. रात्रभर माझ्याकडे राहू दे, म्हटलं. तो आत्ता या वहीखाली आहे. ती सकाळी सातला गेटवर भेटणार. जाताना तिनं हात झाकायला सुनेचे हातमोजे चढवले, ते तिला घट्ट होत होते. फोडावरून ओढताना तोंड वाकडं केलं.
तिला 'नको' म्हणायचा मला हक्क आहे का? आणि 'कर' म्हटलं तर सोमवारी गाडी सुटणार, उन्हात चेहरे भाजणार.